दुसऱ्याच्या अक्षरातला अर्ज

१४८२च्या सुमारास लिओनार्दो दा विंची फ्लोरेन्स सोडून मिलानला आला. तेव्हा तो तिशीचा होता. मिलानची सत्ता ज्याच्या हाती होती त्या लुदोविको स्फोर्झाला उद्देशून लिहिलेल्या त्याच्या एका पत्राचा मसुदा आजही उपलब्ध आहे. नोकरीच्या अर्जांच्या इतिहासात इतका प्रसिद्ध कागद बहुधा दुसरा नसेल. त्यात क्रमाक्रमाने मुद्दे मांडलेले आहेत. सहज हलवता येतील असे हलके पूल, वेढ्याच्या वेळी खंदकातले पाणी काढून टाकण्याची युक्ती, तोफा, शत्रूच्या फळीत घुसणारी झाकलेली वाहने. शांततेच्या काळात आपण इमारती उभारू शकतो आणि पाणी एका जागेहून दुसरीकडे नेऊ शकतो, हे त्यानंतर येते. शिल्प आणि चित्र आपल्याला जमते हा उल्लेख जवळजवळ शेवटी. समोरच्या माणसाला युद्धाची चिंता आहे, हे ओळखून केलेली ही मांडणी आहे.

या पत्राविषयी आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. त्यात ज्या शस्त्रांचे वर्णन आहे ती लिओनार्दोने तोवर प्रत्यक्षात बनवलेली नव्हती. त्याचा युद्धातला अनुभव नसल्यातच जमा होता. आणि उपलब्ध मसुदा त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात नाही. लिओनार्दो डावखुरा होता आणि उजवीकडून डावीकडे, आरशात दिसावे तसे उलटे लिहीत असे. हा मसुदा मात्र सरळ, दुसऱ्या कोणाच्या हातचा आहे. एखाद्या व्यावसायिक लेखनिकाकडून त्याने तो लिहवून घेतला असावा, असे अभ्यासक मानतात.

म्हणजे अर्ज लिहायला दुसऱ्याची मदत घेणे आणि अर्जात स्वतःला थोडे फुगवून सांगणे, या दोन्ही गोष्टी पाचशे वर्षांहून जुन्या आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी लिहिलेले अर्ज आज सगळीकडे दिसू लागल्यावर ‘हे प्रामाणिक आहे का’ असा प्रश्न विचारला जातो. तो असा सरसकट विचारला तर उत्तर सापडत नाही. मदत घ्यावी की नाही, यापेक्षा मदत कशाला घ्यावी आणि कशाला घेऊ नये, हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे.

मायना सर्वांचा, मजकूर आपला

‘अर्ज’ हा शब्द मूळचा अरबी. फारसीमार्गे तो मराठीत आला. समोर मांडणे, दाखवणे हा त्याचा मूळ अर्थ. पण मांडण्याची रीत नेहमीच ठरलेली असे. पत्रव्यवहारात मायन्याला केवढे महत्त्व होते हे मोडी कागदपत्रे चाळणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. कोणाला कोणते विशेषण लावायचे, आरंभ कसा करायचा, विनंती कोणत्या शब्दांत संपवायची, हे कारकुनाने शिकून घ्यायचे असे. पुढे इंग्रजी अमदानीत कचेऱ्यांच्या आवारात अर्ज लिहून देणारे लोक बसू लागले. तालुक्याच्या कचेरीबाहेर झाडाखाली टंकलेखन यंत्र मांडून बसलेला माणूस आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला आहे. शाळेत आपण सगळेच ‘वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज सादर करतो की’ हे वाक्य शिकलो. लाखो लोकांनी ते जसेच्या तसे वापरले, पण कोणी कोणावर चोरीचा आरोप केला नाही. कारण मायना सर्वांच्या मालकीचा असतो. त्याखाली जे येते, म्हणजे नाव, शिक्षण, केलेले काम आणि शेवटची सही, ते मात्र अर्जदाराचे.

कचेरीबाहेरचा तो माणूस केवळ टंकलेखक नव्हता. तो प्रश्न विचारी. ‘कधीपासून? कागद आहे का? तारीख कोणती?’ नोकरीचा अर्ज शेजारच्या शिकलेल्या काकांकडून लिहून घेतला, तर तेही विचारत, ‘हे तू खरंच केलंयस ना?’ मदत करणारा आपल्याला ओळखत असे किंवा निदान आपल्याकडे पाहून शंका घेत असे. जुन्या मदतीत ही तपासणी आपोआप होई. नव्या मदतीतून नेमकी तीच गळून पडली आहे.

यंत्र काय करते

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांसाठी खुले झाले. अशा साधनांच्या मुळाशी भाषेचे एक प्रचंड प्रतिमान असते. अफाट मजकुरावरून ते एकच गोष्ट शिकते: इतके शब्द आले असता पुढे कोणता शब्द येणे संभवनीय आहे. पुढच्या शिकवणीत त्याला माणसांना आवडतील अशी उत्तरे देण्याचे वळण लावले जाते. त्यामुळे ‘माझ्यासाठी अर्ज लिही’ असे म्हटले की ते जगातल्या असंख्य अर्जांत सर्वसाधारणपणे जे असते ते लिहिते. आपल्याविषयी त्याला काही माहीत नसते. रिकाम्या जागा ते संभवनीय गोष्टींनी भरते. संभवनीय आणि खरे यांतला फरक त्याला आतून कळत नाही.

याची किंमत कोण मोजतो, हे २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दिसले. एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीकडून मिळालेले पूर्वनिर्णय सादर केले. ते खटले कधी घडलेच नव्हते. न्यायालयाने वकिलांना आणि त्यांच्या कार्यालयाला मिळून ५,००० डॉलरचा दंड केला. मजकूर यंत्राचा होता, पण सही वकिलांची होती. नोकरीच्या अर्जालाही हाच न्याय लागू आहे.

तरीही या साधनांचा फायदा खरा आहे, आणि तो नाकारणे अन्यायाचे होईल. ऑनलाइन कामे मिळवून देणाऱ्या एका बाजारपेठेत जवळजवळ पाच लाख अर्जदारांवर केलेल्या प्रयोगात, ज्यांना आपली माहिती लिहिताना शुद्धलेखन आणि व्याकरण सुधारणारे साधन मिळाले त्यांना काम मिळण्याचे प्रमाण इतरांपेक्षा ८ टक्क्यांनी वाढले. काम देणारे त्यांच्यावर कमी समाधानी होते, असेही आढळले नाही. म्हणजे त्या लोकांना काम येत होते. फक्त ते नीट सांगता येत नव्हते. शकेड नॉय आणि व्हिटनी झँग यांनी २०२३मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४५३ सुशिक्षित व्यावसायिकांना लेखनाची कामे दिली होती. चॅटजीपीटी वापरणाऱ्यांना सरासरी ४० टक्के कमी वेळ लागला, लेखनाचा दर्जा १८ टक्क्यांनी सुधारला आणि ज्यांचे लेखन मुळात कच्चे होते त्यांना अधिक लाभ झाला.

मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीत अर्ज करणाऱ्या मुलामुलींसाठी या निष्कर्षांचा अर्थ मोठा आहे. ज्यांच्या घरात इंग्रजी बोलणारे, कंपनीत काम केलेले कोणी आहे, त्यांना अशी मदत पिढ्यान्‌पिढ्या फुकट मिळत आली. ज्यांच्या घरात नाही, त्यांना ती आज फोनवर मिळते. तिला फसवणूक म्हणायचे असेल, तर आधी काकांच्या मदतीलाही म्हणावे लागेल.

सगळेच अर्ज सुंदर झाल्यावर

अडचण इथूनच सुरू होते. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३मध्ये नोकरीच्या बाजाराविषयी एक सिद्धान्त मांडला. २००१मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला तो अशाच कामासाठी. अर्जदार किती सक्षम आहे हे मालकाला दिसत नाही, म्हणून तो खुणा शोधतो. खूण तेव्हाच कामाची, जेव्हा ती मिळवायला कष्ट पडतात आणि अक्षम माणसाला ते कष्ट जास्त पडतात. सर्वांना सारख्याच सहजतेने मिळणारी खूण काहीच सांगत नाही.

एखाद्या कंपनीची जाहिरात बारकाईने वाचून, तिच्या गरजेप्रमाणे बेतलेले पत्र लिहायला पूर्वी एक संध्याकाळ जाई. ती संध्याकाळ हीच खूण होती. आता ते काम अर्ध्या मिनिटात होते. आनैस गॅल्डिन आणि जेसी सिल्बर्ट या संशोधकांनी २०२५मध्ये याच प्रश्नाचा अभ्यास मांडला. ऑनलाइन कामांच्या बाजारात पूर्वी नीट बेतलेल्या पत्राला मालक मोल देत. ही साधने आल्यावर ते मोल उरले नाही. खुणाच पुसल्या गेल्यावर सर्वाधिक सक्षम अर्जदारांचे नुकसान होते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

अर्जांची संख्या अशी वाढली की मालकही यंत्राकडे वळतात. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी एका संगणकप्रणालीत जातो. ती त्यातले शिक्षण, अनुभव आणि कौशल्ये वेगळी काढून नोंदवते. रंगीत चौकटी, दोन स्तंभ, चित्रात बसवलेला मजकूर यांमुळे ही नोंद चुकू शकते. म्हणून साधी मांडणी बरी. परंतु यंत्राला फसवण्यासाठी पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत जाहिरातीतले शब्द लपवून ठेवण्याची जी युक्ती सांगितली जाते, तिच्या वाटेला जाऊ नये. प्रणालीने मजकूर वेगळा काढला की ती अक्षरे उघडी पडतात, आणि पुढे बसलेल्या माणसाला अर्जदाराची हीच पहिली ओळख होते.

निवड करणारे यंत्र निष्पक्ष असते, असेही नाही. अ‍ॅमेझॉनने २०१४पासून अर्ज तोलणारे एक साधन घडवायला घेतले होते. आधीच्या दहा वर्षांचे अर्ज त्याला शिकायला दिले. त्यांत पुरुष जास्त होते. परिणामी अर्जात स्त्रियांशी संबंधित शब्द आला की ते साधन गुण कमी करू लागले. कंपनीने ते सोडून दिले, ही बातमी २०१८मध्ये रॉयटर्सने दिली. युरोपीय संघाच्या २०२४च्या कायद्यात नोकरभरतीसाठी वापरल्या जाणाऱ्या अशा प्रणाली अतिजोखमीच्या वर्गात घातल्या आहेत.

पण माणूसही काही स्वच्छ नजरेने वाचत आला नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅट्‌वेल यांचा २००७मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आलेला अभ्यास आठवावा. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले; फरक होता तो नावांत. दलित आणि मुस्लिम वाटणाऱ्या नावांना पुढचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा कमी निघाली. यंत्र शिकते ते माणसांच्या अशाच निवडींवरून.

मजकूर यंत्राचा आहे का हे ओळखणारी साधने निघाली आहेत, त्यांच्यावरही विसंबता येत नाही. ओपनएआयने स्वतःचे असे साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३मध्ये मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी स्वतः लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध त्या साधनांनी यंत्राचे ठरवले. साधे शब्द, ठरावीक रचना यांमुळे तसे झाले. म्हणजे शिकलेले इंग्रजी प्रामाणिकपणे लिहिणाऱ्यावरच संशय! या संशयातून सुटण्याचा भरवशाचा उपाय एकच: दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही असा मजकूर.

एक उदाहरण

समजा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत तीन गाळप हंगाम काम केलेली रसायनशास्त्राची एक पदवीधर आहे. तिला पुण्याजवळच्या एका खाद्यपदार्थ कंपनीत गुणवत्ता नियंत्रणाच्या जागेसाठी अर्ज करायचा आहे. जाहिरातीत विश्लेषणाचा अनुभव, नोंदींची शिस्त आणि पाळीत काम करण्याची तयारी मागितली आहे.

तिने साधनाला नुसते ‘अर्ज लिहून दे’ म्हटले, तर साधारण असे काही हाती येईल: आपण गतिशील आणि परिणामाभिमुख व्यावसायिक आहोत, गुणवत्तेचा ध्यास हा आपला स्थायीभाव आहे, आपण प्रक्रियेत २० टक्के सुधारणा घडवून आणली, आधुनिक विश्लेषणतंत्रांत आपण पारंगत आहोत. यातले २० टक्के कुठून आले? कुठूनच नाही. अशा अर्जांत असा आकडा असतो, म्हणून तो आला. मुलाखतीत ‘ही सुधारणा कशी मोजली?’ असा साधा प्रश्न आला की ती गप्प होईल. तिचे तीन हंगामांचे खरे कामही मग संशयात सापडेल.

तिने उलट्या बाजूने सुरुवात केली तर? आधी कागदावर, मराठीत, जसे आठवेल तसे लिहून काढायचे: मी काय करत होते. रसाचे ब्रिक्स आणि पोल काढणे, शुद्धता मांडणे, बगॅसचे नमुने, पाळीचा तक्ता भरणे. मग साधनाला सांगायचे: ‘माझा अर्ज लिहू नकोस. ही जाहिरात आणि माझ्या या नोंदी वाच. मुलाखत घेणारा असल्यासारखा मला एकेक प्रश्न विचार. जिथे मी मोघम बोलेन तिथे अडव.’ झाडाखालच्या त्या अर्ज लिहिणाऱ्याचे प्रश्न यंत्राकडून असे मागून घेता येतात. ते आपणहून विचारत नाही. विचारायला लावावे लागते.

अशा प्रश्नोत्तरांत तिला एक रात्रपाळी आठवेल. बगॅसमधला पोल, म्हणजे चिपाडात राहून गेलेली साखर, लागोपाठ दोन नमुन्यांत नेहमीपेक्षा जास्त आली होती. पाळी संपायची वाट न पाहता तिने मिलवर कळवले. पाहिले तर उसाच्या चोथ्यावर सोडायचे पाणी कमी झाले होते. ही घटना तिला अर्जात घालण्याजोगी वाटलीच नव्हती. ते तर रोजचे काम होते. गुणवत्ता नियंत्रणाच्या माणसाला मात्र नेमके हेच हवे असते: आकडा केवळ लिहिला की वाचलाही? जगातल्या सगळ्या अर्जांच्या सरासरीतून ही रात्रपाळी निघणार नाही.

यानंतर इंग्रजीची मदत निर्धास्तपणे घ्यावी. तिने आपला मजकूर द्यावा, भाषा सुधारून मागावी आणि कोणते बदल का केले याची यादीही मागावी. त्या यादीवर स्वतः पेन घेऊन बसावे. जो शब्द आपण बोलताना कधी वापरणार नाही तो खोडावा. ज्या वाक्याविषयी दोन मिनिटे बोलता येणार नाही ते वाक्य ठेवू नये. ‘सहभाग घेतला’चे ‘नेतृत्व केले’ झाले आहे का, हे खास पाहावे. यंत्राची क्रियापदे पदोन्नती देण्यात उदार असतात. जाहिरातीतली कोणती अट आपण पुरी करत नाही, हेही साधनाला विचारावे आणि त्याचे उत्तर तयार ठेवावे. खाद्यपदार्थ कंपनीत लागणारी एखादी चाचणी तिने केली नसेल, तर ‘केलेली नाही, शिकायची तयारी आहे’ हे वाक्य खोट्या ‘पारंगत’पेक्षा मुलाखतीत जास्त टिकते.

काही गोष्टी साधनाच्या खिडकीत टाकूच नयेत: आधार आणि पॅन क्रमांक, घरचा पत्ता, वरिष्ठांची नावे व फोन क्रमांक. जुन्या कारखान्याचे अंतर्गत आकडेही नकोत. ते तिचे नाहीत. कंपनीविषयी साधनाने सांगितलेली माहिती तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आणि अहवालांत पडताळावी. नोकरीसाठी आधी पैसे मागणारी जाहिरात असेल, तर ती कितीही सुबक असली तरी तिथेच थांबावे. सुबक भाषा आता ठकांनाही फुकट मिळते.

दार उघडे राहण्यासाठी

या सगळ्यात एका अर्जदाराच्या फायद्या-तोट्याहून मोठे काही पणाला लागले आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी नोकरीत शिरायला पूर्वी संचालकांपैकी कोणाचे तरी नामनिर्देशन लागे. १८५३च्या सनदी कायद्याने ती पद्धत मोडली आणि १८५५पासून लंडनमध्ये स्पर्धा परीक्षा सुरू झाली. परीक्षा लंडनला होती, इंग्रजीत होती, वयाच्या अटी जाचक होत्या. तरी १८६३मध्ये सत्येंद्रनाथ टागोर त्या दारातून आत गेले. नामनिर्देशनाची पद्धत तशीच राहिली असती, तर ते दार त्यांच्यासाठी नव्हतेच.

कागदावरच्या अर्जाचे मोल यात आहे. ज्याचा मामा कंपनीत नाही, ज्याच्यासाठी कोणी फोन करणार नाही, त्याला आत जाण्याची ही एक वाट आहे. थोरात यांच्या अभ्यासाने दाखवल्याप्रमाणे ती सर्वांना सारखी रुंद नाही, पण आहे. अर्जांवरचा विश्वासच उडाला, तर मालक काय करतील? ते काम करून दाखवायला सांगतील, चाचण्या घेतील. ते चांगलेच आहे, आणि अर्जदाराने त्याची तयारी ठेवावी. पण सर्वांत स्वस्त उपाय त्यांच्या हाताशी आधीपासून आहे: ओळखीतला माणूस घ्यायचा. खोट्या सफाईच्या अर्जांचा पूर जितका वाढेल तितकी वशिल्याची किंमत वाढेल. त्या पुरात वशिला नसलेलाच वाहून जाईल, आणि त्यात भर घालणाऱ्यांत बहुधा त्याचेही दोनशे अर्ज असतील.

म्हणून एका दिवसात शंभर ठिकाणी यंत्राने अर्ज पाठवण्यापेक्षा पाच ठिकाणी आपला अर्ज पाठवणे हा आपमतलबाचाही सल्ला आहे आणि सार्वजनिक हिताचाही. मालकांनीही आपला वाटा उचलावा: जाहिरातीत कामाचे नेमके वर्णन द्यावे, कोणती मदत चालेल हे स्पष्ट सांगावे, गाळणी यंत्राची असेल तर तीही सांगावी. अक्षर दुसऱ्याचे असायला हरकत नाही. ते लिओनार्दोचेही नव्हते. अर्ज पाठवण्यापूर्वी तो एकदा मोठ्याने वाचावा आणि प्रत्येक ओळीला विचारावे: हे कोणी समोर बसून विचारले, तर माझ्याकडे सांगायला काय आहे? ज्या ओळीपाशी उत्तर अडते, ती ओळ पाठवण्याआधीच काढून टाकावी.